बू रुसचा दुसरा विंचू

रुसमियातीबाई शाळेचे गणवेश शिवतात. लहान शाळेचा लाल-पांढरा, मधल्या शाळेचा निळा-पांढरा, त्यापुढचा राखाडी. रंग सरकारनं ठरवलेले, कापड पोरांच्या आयांनी आणून दिलेलं. जोगजा शहराच्या दक्षिणेकडच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना बू रुस म्हणतात; बू म्हणजे आई, तसं पुरुषांना पा. त्यांच्या मशीनचा आवाज थांबलेला असला की येणाराजाणारा दारातून डोकावून विचारतो, बरं आहे ना?

हे मशीन त्यांच्या मावशीचं. घर सासूचं. नवरा, पा मुजिरान, काकांनी बघून दिलेला. ते छापखान्यात होते, आता घरी असतात आणि एका गाणाऱ्या पक्ष्याचा पिंजरा सकाळी बांबूवर चढवून संध्याकाळी उतरवतात. बू रुस यातल्या कशाबद्दलच कधी तक्रार करत नाहीत. "आलं ते चांगलंच आलं," एवढं म्हणतात, आणि दोरा दातानं तोडतात.

पहिला विंचूही असाच आला. त्यांचा मुलगा दानांग बाताम बेटावर कारखान्यात लागला तेव्हा मागे तारा तुटलेली गिटार राहिली, काही शर्ट राहिले आणि पलंगाखाली झाकणाला भोकं पाडलेला एक डबा राहिला. डब्यात ओल्या काथ्यावर तळहाताएवढा काळा विंचू होता. बू रुसनी तसाच फोन लावला.

"हे डब्यातलं काय करू?"

"ते जंगलातलं आहे, बू. गरीब आहे. आठवड्याला एक रातकिडा टाक, संध्याकाळी पाणी फवार. बाकी काही मागत नाही ते."

"तुझ्यापेक्षा बरं, म्हणायचं."

रातकिडे घरात होतेच, पक्ष्यासाठी आणलेले. पा मुजिराननी थोडी कुरकुर केली आणि मग रोज सकाळी बायकोआधी तेच डब्यात डोकावू लागले. गल्लीतल्या बायकांनी शिवायला दिलेले कपडे काही दिवस झटकून घेतले. "बू रुस, चड्डीत नांगी तर नाही ना शिवलीत?" असं दोघीतिघींनी विचारून झालं. मग तेही थांबलं.

एकदा काळ्यानं खाणं सोडलं. रातकिडा त्याच्या पाठीवरून चालत गेला तरी तो हलेना. बू रुस डबा पिशवीत घालून पक्ष्यांच्या बाजारात गेल्या, कारण रातकिडेवाल्याशिवाय या विषयात त्यांना कुणी माहीत नव्हतं. त्यानं त्यांना बाजाराच्या मागच्या झाडाखाली पाठवलं. तिथे रविवारी विंचू पाळणारी मंडळी बसतात. बहुतेक कॉलेजची मुलं. त्यांत वयानं मोठे फक्त पा हार्सो, झेरॉक्सच्या दुकानाचे मालक.

पा हार्सोंनी डब्यात बघितलं. "कात टाकणार आहे. हात लावू नका, रातकिडा काढून घ्या, ओल ठेवा."

"मरणार नाही?"

"तुम्ही सारखं उघडून बघितलंत तर मरेल."

काळ्यानं कात टाकली. बू रुस ती कात कापसात घालून पुढच्या रविवारी दाखवायला घेऊन गेल्या, आणि तेव्हापासून जातच राहिल्या. त्या तिथे फारसं बोलत नसत. झाडाच्या मुळावर बसून डबे एकेक मागून घ्यायच्या आणि कापड बघावं तसे उजेडाकडे धरून बघायच्या. त्यातूनच त्यांना वाटायला लागलं की आपल्याकडे दुसरा असावा. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली ती संध्याकाळी, पिंजरा खाली उतरवताना.

"आणखी एक?" पा मुजिरान म्हणाले. ते बायकोला बुने म्हणत आणि त्या त्यांना पाकने. "बुने, घरात माणसं दोन, आणि नांगीवाले किती करायचेत?"

"एकच."

"मशीनवरच्या फळीवर एका डब्याची जागा आहे. ती भरली की संपलं. मग कुणी राजाच्या वाड्यातला आणून दिला तरी नाही."

"नाही."

"कुठला आणणार?"

"ते मी ठरवणार आहे," बू रुस म्हणाल्या. पा मुजिराननी दोरी बांधता बांधता मागे वळून पाहिलं. पहिला दानांगचा होता. हा दुसरा आपला आपण निवडायचा, एवढंच बू रुसच्या मनात होतं, आणि तसं त्यांनी मला ब्लाउजचं माप घेताना सांगितलंही. टाचणी तोंडात धरून सांगितल्यामुळे ते काही फार मोठं सांगणं वाटलं नाही.

झाडाखाली मात्र प्रत्येकाचं मत तयार होतं. नवशिक्यानं दुसरा पहिल्याच जातीतला घ्यावा, ओल तीच, खाणं तेच, असं मुलं म्हणत. चिमटे जाड आणि शेपटी बारीक असेल तर जनावर साधं, चिमटे बारीक आणि शेपटी जाड असेल तर जपून, हा नियम त्यांनी बू रुसना पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला. दानांग फोनवर म्हणाला, "पिवळा घे, बू. वाळवंटातला. फोटो छान येतो." पा हार्सोंकडे असा पिवळा होता. परदेशातून आलेल्या पिल्लापासून त्यांनीच वाढवलेला, वाळूच्या रंगाचा, पाठीवर काळसर छाया असलेला. ते म्हणत, "दुसरा घ्यायचा तर नजरेत भरेल असा घ्यावा. काळे काय, कुठल्याही जंगलात मिळतात." बू रुस सगळ्यांना हो हो म्हणत. आमच्याकडे समोरच्याला हो म्हणायचंच असतं.

मग रमजान आला, आणि शेवटच्या आठवड्यात लेबारानसाठी, म्हणजे ईदेसाठी, शहर रिकामं व्हायला लागलं. जो तो आपल्या गावी निघाला. बू रुस आणि पा मुजिरान यांची दोघांचीही गावं म्हणजे ही गल्लीच, तेव्हा त्यांना जायचं कुठे नव्हतं. झाडाखाली ही बातमी पोचली असावी. गल्लीच्या तोंडाशी गाडीवरून उतरून, गल्लीत गाडी चालवायची नाही या नियमाप्रमाणे ती ढकलत, एका हातात डबा धरून मंडळी येऊ लागली. "बू, तेवढे दिवस ठेवता का?" नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. जाणाऱ्याची झाडं, मांजरं, किल्ल्या, सगळं राहणाऱ्याकडे असतं.

चार डबे आले. दोन काळ्याच्याच भाऊबंदांचे. एक पा हार्सोंचा पिवळा. आणि एक म्बा तिवीचा. म्बा म्हणजे ताई; ही झाडाखाली येणारी, दातांच्या कॉलेजातली मुलगी. तिच्या डब्यात नुसत्या झाडाच्या उभ्या साली होत्या, आणि सालीच्या खालच्या अंगाला उलटी लटकलेली, बोटाच्या पेराहून जरा मोठी, सडपातळ विंचवी.

"ही पळते फार. झाकण उघडताना लक्ष ठेवा, बू," तिवी म्हणाली. "चावली तर मरत नाही कुणी, पण रात्र जाते. हिची पिल्लं मी गावाला सोबत नेतेय, लहानांना सारखं बघावं लागतं."

पा मुजिराननी तिला लगेच ओळखलं. "हिच्या आजीनं मला लहानपणी आमच्या बांबूच्या छपरातून पडून नांगी मारलीय. अख्खी रात्र रडलो होतो."

"तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"झोपलो होतो. काय करणार?"

"मग तिची काय चूक, पाकने. ती पडली तिथे तुम्ही होतात."

पा हार्सो आपला डबा देताना चहाला थांबले नाहीत, रोजा होता. उंबऱ्यावर उभ्या उभ्या म्हणाले, "याला पाणी फवारायचं नाही. अजिबात. वाळू कोरडी. आठवड्यातून एकदा बाटलीच्या झाकणात थोडंसं ठेवा, दुसऱ्या दिवशी काढून टाका. बस." बू रुस हो म्हणाल्या. त्यांनी ते नीट ऐकलंही होतं.

पण दिवस उपासाचे होते. मावळतीला मशिदीत नगारा वाजतो, तेव्हा घरात ज्याला त्याला आधी प्यायला मिळालं पाहिजे. दारात भिकारी असो, शेजारचं पोर असो, परका वाटसरू असो. आपला घोट गोड लागावा तर घरात कुणी तहानलेलं नसावं, ही बू रुसच्या आईची शिकवण, आणि त्या आईच्या आईची. नगारा वाजला की बू रुस आधी फवारणीची बाटली उचलायच्या. काळ्याला फवारा, त्याच्या भाऊबंदांना फवारा, सालीवर फवारा. पिवळ्यापाशी पहिल्या दिवशी त्या थांबल्या. दिवसभर त्यांच्या स्वतःच्या घशाला कोरड पडली होती. कोरड्या वाळूत तो चिमटे पुढे करून बसला होता. पाहुणा आणि तोही दूरचा. त्यांनी बाटली डब्यापासून लांब धरली आणि अगदी हलकं, धुकं पडावं एवढंच फवारलं. त्यानंतर ग्लासातला गोड चहा घेतला. दुसऱ्या दिवशी थांबल्या नाहीत.

त्या दिवसांत त्या संध्याकाळच्या नमाजानंतर मशीनवर बसत नसत. ईदेचे कपडे देऊन झाले होते, नवं काम नव्हतं. स्टुलावर बसून डबे बघत. काळे तिघे बिळात असत. पिवळा दगडाखाली. तिवीची विंचवी मात्र दिवा मालवून डोळे सरावले की सालीवर दिसायची, उलटी, आठही पायांवर सारखी तोललेली. तिच्या अंगावर फिकट आणि गडद तपकिरी डाग होते. हा तपकिरी रंग बू रुसच्या ओळखीचा होता. त्यांची आई मेणानं कापडावर नक्षी काढायची. कापड सालींच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवून निघालं की नक्षीच्या कडेकडेनं हाच रंग उतरायचा, कुठे जास्त, कुठे कमी, कधीच दोन जागी सारखा नाही. सोगान म्हणतात त्याला. तो रंग बू रुसनी हातानं कधी शिवला नव्हता. त्यांच्या वाट्याला लाल, निळा आणि राखाडी आला.

"ही," त्या एका संध्याकाळी म्हणाल्या.

पा मुजिरान पक्ष्याचं दाणापाणी करत होते. "काय ही?"

"दुसरी म्हणून. हिचं एखादं पिल्लू तिवीकडे मागते."

"सगळ्या जगातून तुला माझ्या छपरातलीच सापडली?"

बू रुसनी तिवीला निरोप पाठवला, आणि तिचं उत्तर आलं, हो बू, आल्यावर या, हवी ती घ्या. फळीवरची जागा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पिवळ्याला दगडाबाहेर पाहिलं. तो भर उजेडात, डब्याच्या भिंतीला टेकून उभा होता. पायांच्या सांध्यांवर आणि पोटाच्या कडेला काळपट ठिपके उठले होते, कपड्यावर बुरशीचे उठतात तसे. बू रुस बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फवारणीची बाटली उचलून मोरीत नेऊन ठेवली. वाळू काढली, तव्यावर भाजून गार केली आणि पुन्हा भरली. झाकणाला जास्तीची भोकं पाडली. पिवळा कोपऱ्यात गेला. ठिपके तसेच राहिले.

पा हार्सो आठवड्यानं परतले आणि थेट गल्लीत आले. मी तेव्हा शिवून झालेला ब्लाउज न्यायला गेले होते. बरण्या अजून चटईवर मांडलेल्या होत्या, शेंगदाण्याच्या चिक्कीची, तळलेल्या चकत्यांची. लेबारानचा महिना होता, त्यामुळे बसायच्या आधी त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि नेहमीचं म्हटलं, "बू, आतून-बाहेरून काही चुकलं असेल तर माफ करा."

"पा, माझंच चुकलंय," बू रुस म्हणाल्या. "मला माफ करा."

"सारखंच, बू, सारखंच. सगळ्यांचंच चुकतं."

"तसं नाही, पा. माझ्या हातून खरंच चूक झालीय."

"माझ्याही हातून झाल्या असतील. शून्यापासून सुरुवात करू." ते हसले आणि चिक्कीची बरणी जवळ ओढली.

पा मुजिरान खाली बघत होते. त्या महिन्यात गल्लीत प्रत्येक माणूस प्रत्येकाची माफी मागतो, आणि कशाबद्दल हे कुणीच विचारत नाही. बू रुसनी चहा ओतला. हात पदरासारख्या खांद्यावरच्या कापडाला पुसले. मग आत जाऊन पिवळ्याचा डबा आणला, आणि बरण्या बाजूला करून पा हार्सोंच्या पुढ्यात ठेवला.

"मी याला रोज पाणी फवारलं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. नगाऱ्याच्या वेळी. मला कोरडं ठेववलं नाही."

पा हार्सोंनी डबा डोळ्यांपाशी उचलला. फिरवला. तोंडातली चिक्की तशीच धरून ते बराच वेळ ठिपके बघत होते.

"किती दिवस फवारलं?"

"ईदेपर्यंत."

त्यांनी चिक्की गिळली. "हरकत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "हरकत नाही, बू. पुढच्या कातीबरोबर जातील कदाचित. किंवा नाही जाणार." त्यांनी डबा खाली ठेवला आणि दोन बोटांनी तो बू रुसकडे सरकवला. "राहू दे तुमच्याकडेच. आता तुमच्या घराची हवा लागलीय त्याला. तुम्हाला नाहीतरी दुसरा हवाच होता. हाच समजा तुमचा दुसरा."

पा मुजिराननी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं सगळं सुटलं होतं. फळीवरची जागा भरणार होती, छपरातली घरात येणार नव्हती, आणि झाल्या गोष्टीची भरपाई एका आजारी जनावराच्या सेवेनं होत होती. "पा हार्सोंची मेहरबानी," ते म्हणाले. "तो आजारी आहे तोवर तूच बघशील ना, बुने."

बू रुस डब्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हो म्हणायच्या आकारात आले होते, ते मला बाजूनं दिसलं. पन्नाशी उलटलेल्या बाईचे ओठ त्या आकारात आपोआप येतात.

"नको, पा," त्या म्हणाल्या.

पा हार्सो थांबले. हा शब्द आमच्याकडे पाहुण्याला कुणी म्हणत नाही. 'अजून नको' म्हणतात, 'बघू' म्हणतात.

"तो आजारी माझ्यामुळे पडलाय," बू रुस पुढे म्हणाल्या. आवाज खालच्या पट्टीतच होता. "बरा होईपर्यंत ठेवते. वाळू भाजलीय, आणखी भाजेन. कात टाकेपर्यंत ठेवते, किती का महिने लागेनात. मेला तर दोष माझाच, तो मी झाडाखाली सगळ्यांपुढे सांगेन. पण तो तुमचा आहे. माझी दुसरी मी तिवीला सांगून ठेवलीय."

"तिवीची? ती सालीतली?" पा हार्सोंना खरंच आश्चर्य वाटलं असावं. "ती तर कुणीही लाकडाच्या ढिगातून उचलून आणतं, बू."

"असेल."

"आणि नवशिक्याला..."

"माहीत आहे, पा. चिमटे बारीक आहेत."

पिंजऱ्यातला पक्षी एकदा बोलून गप्प बसला. पा मुजिराननी चहा घ्या, चहा घ्या असं दोनदा म्हटलं. पा हार्सोंनी चहा शेवटपर्यंत प्यायला, बरणीचं झाकण नीट लावलं, आणि डबा उचलून काखेत धरला.

"तुम्हाला कशाला तसदी," ते म्हणाले. "मीच बघतो."

"माझ्याकडे ठेवा, पा. मला तसदी नाही."

"छे, छे. एवढं सांभाळलंत." त्यांनी उंबऱ्यावर पुन्हा एकदा दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे केले, आतून-बाहेरून माफी मागितली आणि गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पा मुजिरान बराच वेळ बरण्या आवरत होते. शेवटी म्हणाले, "एक शब्द गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तोच तर आजवर म्हणत आले," बू रुस म्हणाल्या, आणि मला ब्लाउजचे हुक दाखवले.

पुढच्या रविवारी त्या झाडाखाली गेल्या. पिवळ्याला आपण पाणी फवारलं, हे त्यांनी ठरल्याप्रमाणे सगळ्यांपुढे सांगितलं. मुलं ऐकून खाली बघू लागली. पा हार्सोंनी त्यांना पूर्वीसारखीच मुळावर जागा करून दिली. बू रुसनी विचारलं, पिवळा कसा आहे. "बरा आहे," ते म्हणाले. तो बरा असता तरी ते तसंच म्हणाले असते आणि नसता तरीही, हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी डबे हातोहात फिरले, पण त्यांच्यापर्यंत फार थोडे पोचले. आमच्याकडे राग असाच असतो, त्याला आवाज नसतो. नंतर कधीतरी कुणी म्हणालं की पिवळ्यानं कात टाकली, कुणी म्हणालं की पा हार्सोंकडे तो डबा धुऊन उन्हात पालथा घातलेला दिसला. बू रुस दर रविवारी विचारत राहिल्या, आणि उत्तर तेच येत राहिलं.

तिवीकडे त्या एका दुपारी गेल्या. मला बरोबर चल म्हणाल्या, कारण वसतिगृहात एकटीनं जायचा त्यांना संकोच वाटत होता. तिवीची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीत दातांचे प्लास्टरचे साचे मांडलेले. पिल्लं गावाहून परतली होती आणि एका मोठ्या डब्यात साली उभ्या करून ठेवली होती. नखाएवढी, तरीही सगळी उलटी लटकलेली.

"बसा बू, चहा करते. ही देऊ?" तिवीनं लगेच एक साल उचलली. "ही सगळ्यांत मोठी आहे, खाते छान. हिचं काही बघावं लागणार नाही."

"ठेव ती," बू रुस म्हणाल्या. "मला बघू दे."

त्यांनी चष्मा पुसून घातला. तिवीनं खिडकीचा पडदा ओढला. बू रुस डब्यापुढे बसून राहिल्या. मधूनच डबा किंचित फिरवायच्या आणि पुन्हा स्थिर व्हायच्या. चहा आला आणि गार झाला. तिवीचा दुपारचा तास होता, ती दोनदा घड्याळाकडे बघून गेली, मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार.

"सगळ्या सारख्याच आहेत, बू," ती शेवटी जरा अजिजीनं म्हणाली. "एकाच आईच्या आहेत. कुठलीही घ्या."

"सारख्या नाहीत गं," बू रुस म्हणाल्या, आणि स्टूल आणखी पुढे ओढून घेतलं.